'गरीब व होतकरू' : मदतीच्या इतिहासातील एक रिकामी जागा

'गरीब व होतकरू विद्यार्थी' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो वाचताना आपण थबकत नाही. संस्थांचे वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या, वर्तमानपत्रांतील छोटी निवेदने, महाविद्यालयांचे सूचनाफलक अशा सर्व ठिकाणी तो पिढ्यान्‌पिढ्या भेटत आला आहे. पण विद्यार्थ्याला मदत करण्यामागचा आपल्या समाजाचा सगळा विचार या शब्दांत सामावलेला आहे. मदत मागणाऱ्याने दोन गोष्टी सिद्ध करायच्या. पहिली, तो गरीब आहे; त्यासाठी उत्पन्नाचा दाखला. दुसरी, तो होतकरू आहे, म्हणजे पुढे त्याचे काही होऊ शकेल, त्यासाठी गुणपत्रिका.

हे दोन्ही कागद भूतकाळाविषयी बोलतात. दाखला गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा असतो आणि गुणपत्रिका गेल्या परीक्षेची. ज्या विद्यार्थ्याच्या घरी परवा मृत्यू झाला, ज्याच्या वडिलांचे काम गेल्या महिन्यात सुटले, ज्याच्या शेतातले उभे पीक गारपिटीने झोपले, त्याला या शब्दप्रयोगात जागा कुठे आहे? कागदोपत्री तो गरीब नाही. आणि या सत्रात तो परीक्षेला बसू शकला नाही, तर होतकरूही उरणार नाही.

विद्यार्थी-साहाय्याचा महाराष्ट्रातील इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि तो तसा सांगण्याजोगा आहेही. प्रस्तुत लेखात आम्ही तो पुन्हा सांगणार नाही. त्या इतिहासात अचानक आलेल्या अडचणीचे काय झाले, एवढाच प्रश्न घेऊन त्याकडे पाहावे, असा हा प्रयत्न आहे.

वार आणि माधुकरी

एकोणिसाव्या शतकातील चरित्रे-आत्मचरित्रे वाचणाऱ्याला 'वार लावून जेवणे' ही व्यवस्था परिचित असते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे आठवड्याची सात घरे ठरवून गावाबाहेरून आलेला मुलगा शिकत असे. ज्यांना वार मिळाले नाहीत ते माधुकरी मागत, म्हणजे चार-पाच घरी फिरून शिजवलेले अन्न झोळीत घेत. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानेही आरंभीच्या काळात माधुकरीचाच आधार घेतला. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते.

या व्यवस्थेचा एक गुण मान्य करावा लागतो. तिला अर्ज लागत नसे. मुलगा दाराशी आला की त्याची भूक हाच दाखला, आणि मदत त्याच दिवशी पानात पडे. परंतु ते दार कुणासाठी उघडे होते? मुख्यतः ब्राह्मण मुलासाठी. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याला वार लागण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय दर वारी दुसऱ्याच्या ओसरीवर बसून जेवताना यजमानाची मर्जी, वाढणारीचा चेहरा आणि पंक्तीतील आपली जागा यांचा जो हिशोब त्या मुलाला ठेवावा लागे, तो त्या वयाला पेलणारा नसे. वाराची मदत तत्पर असली तरी ती जातीने बांधलेली होती आणि तिची किंमत मिंधेपणाने चुकवावी लागे.

राज्याची मदतही फार वेगळी नव्हती. पेशवाईत श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा विद्वान ब्राह्मणांसाठी होती. इंग्रजी अमलात तिच्यातील काही रक्कम पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळली. १८४९ साली काही तरुण सुधारकांनी दक्षिणेतील पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. ज्ञानासाठी राखलेला पैसा कुणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे विचारला गेला तो असा. पुढे याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक होते.

पंधरांतले आठ

आता एक घर पाहू. १८७९ साली कृष्णराव गोखले वारले, तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि कोल्हापूरला शिकत होता. थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. हा हिशोब गोखल्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो. त्यांच्याविषयी अशीही आठवण सांगतात की एकदा कुणी सोबत्याने त्यांना नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोखल्यांनी ते दिले, आणि दिव्याच्या तेलात काटकसर करून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला.

ही आठवण आपल्याकडे पाठ्यपुस्तकी वळणाने, जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यात दुसरेच काही दिसते. आठ रुपयांचे अंदाजपत्रक इतके ताणलेले होते की दोन आण्यांचा अनपेक्षित खर्च त्याला सोसवेना. विद्यार्थ्याच्या अडचणीची रक्कम पुष्कळदा अशी क्षुल्लकच असते. तिच्याखाली दुसरा आधार नसतो, म्हणून ती मोठी होते.

गोखले १८८४ साली पदवीधर झाले. गोविंदरावांचे शिक्षण मात्र सुटले ते सुटलेच. त्या काळात अचानक आलेल्या अडचणीसाठी जो निधी अस्तित्वात होता, त्याचे नाव थोरला भाऊ. पुष्कळ घरांत त्याचे नाव आईच्या पाटल्या किंवा बहिणीचे न झालेले शिक्षण असेही होते. चरित्रे ज्याचे शिक्षण पूर्ण झाले त्याची लिहिली जातात. त्यामुळे या निधीचा जमाखर्च कुठे नोंदलेला सापडत नाही.

वसतिगृहे

विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटू लागले. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यापाठोपाठ शाहू महाराजांच्या आश्रयाने जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानले गेलेले समाज अशा अनेकांची वसतिगृहे उभी राहिली. ही वसतिगृहे जातवार होती, याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्यांना वाराची पंगत कधीच मिळाली नव्हती, त्यांना शहरात राहण्याजेवण्याची हक्काची जागा पहिल्यांदा मिळाली, हे त्यांचे मोल विसरता येणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकले. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. मुलांनी कष्ट करावे आणि शिकावे, हे त्यांचे सूत्र. कष्टाने मिळवलेल्या अन्नात मिंधेपणा नसतो. वाराच्या व्यवस्थेला याहून नेमके उत्तर कुणी दिलेले नाही.

तरीही याच वसतिगृहाच्या इतिहासातील सर्वांना ठाऊक असलेली घटना कोणती? मुलांसाठी घरात धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने मोडले, आणि अखेरीस गळ्यातले मंगळसूत्रही. आपण ही हकीकत गहिवरून सांगतो. पण इतिहास म्हणून वाचताना हेही म्हणावे लागते की इतक्या दूरदृष्टीने उभारलेल्या संस्थेपाशीही अवचित आलेल्या दिवसासाठी वेगळी तरतूद नव्हती. ती एका बाईच्या अंगावर होती.

लंडन, १९२१

आमच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत सापडते. त्यांचे शिक्षण म्हणजे मदतीच्या सर्व प्रकारांचा जणू एक संग्रह आहे. इंटरनंतर घरची शक्ती संपली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१६ साली ते लंडनला पोचले खरे, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले.

पुढची हकीकत आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून पैसे साठवून, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन आणि शाहू महाराजांच्या साहाय्याची भर घालून ते १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा लंडनला गेले. म्हणजे या खेपेस ते निष्कांचन विद्यार्थी म्हणून गेले नव्हते. त्यांनी खर्चाचा अंदाज बांधला होता आणि तेवढी तरतूद केली होती.

तरतूद रुपयांत होती आणि खर्च पौंडांत. नेमक्या त्याच काळात रुपयाचा भाव कोसळला. १९२० च्या आरंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत होते. सरकारने कायद्याने दोन शिलिंगांचा दर ठरवला, तो बाजारात टिकला नाही, आणि १९२१ साली भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. उदाहरणादाखल हिशोब करून पाहावा. दोन शिलिंगांच्या दराने हजार रुपयांचे शंभर पौंड होतात. सव्वा शिलिंगाच्या दराने साडेबासष्ट. विद्यार्थ्याने उधळपट्टी केली नव्हती, अभ्यासात हयगय केली नव्हती. त्याच्या हातातले पैसे हातातच आटले होते.

१९२१ च्या सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. त्यांनी ते कर्ज म्हणून मागितले होते. हुंडणावळीच्या फरकाने अडचण झाली आहे, हे कारणही त्यांनी दिले होते. या काळातील त्यांच्या उपासमारीच्या आठवणी धनंजय कीरांच्या चरित्रात आहेत: सकाळचा अपुरा नाश्ता, दुपारच्या जेवणाला फाटा, दिवसभर ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथालय, आणि रात्री भुकेवर उतारा म्हणून भाजलेले पापड.

याच टेबलाशी बसून ते जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलनाचा दर ढळला की सामान्य माणसाच्या संसाराचे काय होते, हा त्या ग्रंथातला प्रश्न लेखकाच्या खिशापर्यंत येऊन भिडलेला होता. अर्थशास्त्राच्या त्या रुक्ष पानांमागे ही पार्श्वभूमी आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवावे.

शेवटही पाहण्याजोगा आहे. परीक्षकांनी प्रबंधात दुरुस्त्या सुचवल्या, तोवर पैसे संपले होते. आंबेडकर १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस परतले, दुरुस्त्या इथे बसून केल्या आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला. पदवी मिळाली. परंतु ज्यांच्यापाशी भथेनांसारखा मित्र नव्हता, पत्र लिहावे असा राजा नव्हता आणि अशी असामान्य चिकाटीही नव्हती, त्यांचे अर्धवट राहिलेले प्रबंध आपल्या वाचनात कधी येणारच नाहीत. आपल्या हाती येतो तो तरलेल्यांचा इतिहास. 'कष्टाने शिकता येते' हा निष्कर्ष त्यावरून काढताना म्हणूनच सावध राहिले पाहिजे.

दानाकडून हक्काकडे

ज्याने पत्र लिहून कर्ज मागितले होते, तोच माणूस दोन दशकांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला. १९४२ साली त्यांनी सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य वर्गाच्या उच्च शिक्षणासाठी आर्थिक तरतुदीची मागणी होती, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आरंभीची तरतूद वर्षाला तीन लाख रुपयांची होती. १९४६ साली मुंबईत निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. स्वतःच्या अनुभवातून आलेली ही दृष्टी होती. शिष्यवृत्ती राजाच्या मर्जीवर नसावी, ती मागणाऱ्याचा हक्क असावी.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दिशा विस्तारली. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने आर्थिकदृष्ट्या मागासांना शुल्कमाफी दिली आणि 'ईबीसी' हे अक्षरत्रय मराठी घरांत पोचले. त्याआधी शाळाशाळांतून 'नादारी' हा शब्द होता. फारसीतून आलेला 'नादार' म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही असा. वर्गात नादारीची यादी वाचली जाई, तेव्हा नाव येताच मान खाली घालणाऱ्या मुलांची पिढी अद्याप आपल्यात आहे. 'नादारी'ची जागा 'सवलत' आणि 'शिष्यवृत्ती' या शब्दांनी घेतली, ही मराठी सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे.

परंतु हक्क आला तसे हक्काचे दप्तरही आले. अर्ज, दाखले, पडताळणी, मंजुरी, वर्ग होणारी रक्कम. हे दप्तर वाईट हेतूने आलेले नाही. सार्वजनिक पैशाचा हिशोब द्यावाच लागतो, आणि मर्जीऐवजी नियम हवा असेल तर कागदही हवा. आता अर्ज संगणकावर भरले जातात आणि रक्कम थेट खात्यात येते. तरीही शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर, कधी वर्ष उलटल्यावर हाती पडणे, हा अनुभव विद्यार्थ्यांना नवा नाही. वाराच्या पंगतीत अन्याय होता, पण भूक आणि अन्न यांच्यामध्ये वेळ नव्हता. नव्या व्यवस्थेने अन्याय पुष्कळ कमी केला आणि वेळ वाढवला.

रिकामी जागा

२०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यातील एका विद्यार्थिनीने एसटीचा मासिक पास काढायला घरात पैसे नाहीत, या विवंचनेत जीवन संपवले. पासची रक्कम होती दोनशे साठ रुपये. त्यानंतर दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांसाठी मोफत पासची योजना निघाली. गोखल्यांचे दोन आणे आणि हे दोनशे साठ रुपये यांच्यामध्ये सुमारे एकशे पस्तीस वर्षे गेली आहेत. त्या काळात शिष्यवृत्त्या आल्या, वसतिगृहे आली, शुल्कमाफी आली. पण 'आज, आत्ता, एवढेच' असे म्हणणाऱ्याला जायचे कुठे, हे अजून पुरेसे ठरलेले नाही.

ब्रिटनमध्ये १९९० साली विद्यार्थ्यांसाठी कर्जयोजना आली, तेव्हा तिच्याच जोडीला महाविद्यालयांच्या हाती 'अ‍ॅक्सेस फंड' नावाचा निधी देण्यात आला. शिष्यवृत्ती आणि अडचण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यामागचे तत्त्व आम्हांला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो. मात्र वर्षातून एकदा अर्ज मागवायचे, उत्पन्न आणि गुण पाहून यादी करायची आणि रक्कम सर्वांत थोडी थोडी वाटून टाकायची, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. मग फेब्रुवारीत वडील गेलेल्या मुलासाठी त्या निधीत काही उरलेले नसते. तेव्हा वर्गशिक्षक खिशात हात घालतात, मित्र वर्गणी काढतात. आमच्यापैकी ज्यांनी शिकवले आहे त्यांना हे प्रसंग पाठ आहेत. ते चांगुलपणाचे प्रसंग आहेत, यात शंका नाही. पण गोविंदरावांचे सात रुपये आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र यांच्याच ओळीत ते बसतात.

म्हणून एक लहानसे सुचवावेसे वाटते. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी अनेक जण अशा समित्यांवर आहेत किंवा उद्या असतील. निधीचा एक भाग वर्षभर न वाटता राखून ठेवावा. त्यासाठी गुणांची अट नसावी. दाखला नंतर आणू द्यावा, आणि निर्णय आठवड्याच्या आत व्हावा. ज्याला परत करणे शक्य असेल त्याला ती रक्कम कर्ज म्हणूनही घेता यावी; १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी स्थापन केलेला निधी कर्जाच्याच रूपात मदत देत आला, आणि आंबेडकरांनीही लंडनहून कर्जच मागितले होते. काही वेळा एखादा विद्यार्थी खोटे सांगेल, हे आम्ही जाणतो. प्रत्येकाकडून आधी पुरावा मागून खऱ्या अडचणीतल्याला उशिरा पोचण्यापेक्षा तेवढा तोटा सोसलेला बरा.

आणि सूचनाफलकावर लावायचा मजकूर लिहिताना 'गरीब व होतकरू' हे शब्द क्षणभर बाजूला ठेवावेत. 'या सत्रात ज्याला पैशाची अडचण आली आहे अशा कोणत्याही विद्यार्थ्याने कार्यालयात येऊन सांगावे', एवढे लिहिले तरी पुरेल.